कार्डाच्या थकबाकीचा दावा लागला तर: समन्सपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

कोर्टाचा बेलिफ आला तेव्हा मी शिलाई मशीनवर बसले होते. २०२४ चा जानेवारी संपत आला होता. सोलापूरच्या होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून चालू होता आणि पोरं संध्याकाळी तिकडं जायचं म्हणून मागं लागली होती. दारात एक माणूस, काखेत जाड फाईल. त्यानं माझं नाव विचारलं. आतून सासूबाई हातानं खुणावत होत्या, "नाही म्हण, गावाला गेलीय म्हण." माझे हात थरथरत होते, पण मी "मीच" म्हटलं, कागद घेतला आणि त्याच्याकडच्या प्रतीवर सही केली. सहीखाली तारीख घातली.

तुमच्या दारात असा कागद आला तर तो घ्या. नाकारलात तर दावा परत जात नाही. बेलिफ समन्स, म्हणजे कोर्टात हजर राहायचं बोलावणं, दाराला चिकटवतो, तसा अहवाल कोर्टात देतो आणि समन्स बजावलं असं कोर्ट धरू शकतं. तुम्ही घरात नसाल तर घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाकडं देऊनही बजावणी होते. म्हणजे दार लावून घेतल्यानं एकच होतं, तारीख तुम्हाला कळत नाही आणि कोर्ट तुमच्याशिवाय पुढं जातं.

माझी हकिगत थोडक्यात सांगते. जुळे सोलापुरात आमचं घर आहे, पुढच्या खोलीत चार शिलाई मशीन. शाळांचे गणवेश शिवतो. जूनच्या हंगामाचं कापड फेब्रुवारी-मार्चमध्येच भरावं लागतं. २०२० मध्ये ते मी क्रेडिट कार्डावर भरलं आणि शाळा बंद झाल्या. शिवलेले गणवेश कपाटात राहिले. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली होती, पण त्या काळातही व्याज चालू होतं, हे मला फार उशिरा समजलं. ऑक्टोबर २०२० ला शेवटचे पैसे भरले, मग जमलंच नाही. तीन वर्षं फोन, मेसेज, दारावर माणसं. नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकेनं सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात दावा घातला. रक्कम २,४१,३८० रुपये.

आधी कागद कसला आहे ते बघा

सगळे कागद सारखेच भीती घालतात, पण सगळे सारखे नसतात. वकिलाची नोटीस म्हणजे दावा नव्हे. तिला वकिलामार्फत किंवा स्वतः रजिस्टर पोस्टानं उत्तर द्यावं, पण तेवढ्यानं कोर्टात काही सुरू झालेलं नसतं. लोकअदालतीची नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. गेला नाहीत म्हणून अटक होत नाही. जाऊन बोलणं बरं असतं, आणि न पटलेल्या रकमेवर सही करायची सक्ती तिथं कुणीच करू शकत नाही.

समन्स वेगळं. त्यावर न्यायालयाचं नाव, दाव्याचा नंबर, हजर राहायची तारीख, सही आणि शिक्का असतो, सोबत दाव्याची प्रत असते. हल्ली व्हॉट्सअॅपवर खोटी समन्सं फिरतात, खाली "अटक वॉरंट" वगैरे लाल अक्षरात. खरं-खोटं पाहायला ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अॅप आहे. त्यात १६ अक्षरी-अंकी सीएनआर नंबर किंवा पक्षकाराचं नाव टाकलं की दावा, कोर्ट आणि पुढची तारीख दिसते. मी त्याच रात्री भाच्याकडून बघून घेतलं. माझं नाव "प्रतिवादी" म्हणून दिसलं तेव्हा पोटात गोळा आला, पण निदान खरं काय ते कळलं.

एक फरक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. समन्सवर किंवा दाव्याच्या मथळ्यावर "आदेश ३७" किंवा "समरी दावा", म्हणजे झटपट निकालाचा दावा, असं लिहिलंय का? लिहिलं असेल तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवावी लागते. मग बँकेकडून दुसरं समन्स येतं आणि त्यानंतरच्या १० दिवसांत "मला बचाव करायची परवानगी द्या" असा अर्ज, कारणांसकट. हे चुकलं तर कोर्ट सरळ बँकेच्या बाजूनं निकाल देऊ शकतं. साधा दावा असेल तर लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस असतात. कारण दाखवलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवतं. तेही गेले की "नो डब्ल्यूएस"चा हुकूम होतो, म्हणजे तुमचं म्हणणं नसतानाच दावा पुढं चालतो. म्हणून समन्स कोणत्या दिवशी हातात पडलं ते पाकिटावरच लिहून ठेवा. मी पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

पैसे नाहीत तर वकील कुठून?

माझाही पहिला प्रश्न हाच होता. उत्तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच मिळालं. तिथं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याप्रमाणं बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग व्यक्ती, कारखान्यातले कामगार यांनाही मिळतो, आणि इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आपल्याकडं मागावर, टॉवेल कारखान्यात काम करणारी किती घरं आहेत! त्यांतल्या फार थोड्यांना हे ठाऊक आहे. आधार कार्ड, समन्सची आणि दाव्याची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज, एवढंच मी नेलं होतं. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

मला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या. पहिल्या भेटीत मी रडायला लागले तर त्यांनी पाण्याची बाटली पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "ताई, रडून झालं की मला सगळी स्टेटमेंटं द्या. बँकेची नाहीत, तुमच्याकडची." मग वकीलपत्रावर सही घेतली आणि पहिल्या तारखेला त्या माझ्याबरोबर उभ्या राहिल्या.

हिशेब स्वतः करा

इथं मी तुम्हाला थोडा वेळ थांबवते, कारण माझं प्रकरण इथंच बदललं.

मुलाची दोनशे पानी वही घेतली. एका पानावर एक महिना. ज्या महिन्यांची स्टेटमेंटं मेलवर होती ती छापून आणली, बाकीची दाव्यासोबतच्या कागदांतून काढली. प्रत्येक पानावर पाच रकाने: खरेदी, मी भरलेले, व्याज, उशिराचा दंड, जीएसटी. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. त्या व्याजावर आणि दंडावर वर १८ टक्के जीएसटी. चार रात्री बसले. शेवटी खरी खरेदीची थकलेली रक्कम निघाली १,२६,५००. बाकी १,१४,८८० हे व्याज, दंड आणि कर.

आणि दोन गोष्टी सापडल्या. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२० मध्ये वसुलीच्या माणसानं दिलेल्या नंबरवर मी यूपीआयनं ६,००० आणि ४,५०० भरले होते, ते बँकेच्या उताऱ्यात कुठंच नव्हते. माझ्या पासबुकात दोन्ही नोंदी होत्या. दुसरं, दर महिन्याला ३८० रुपये कसल्यातरी विम्याचे कापले होते. त्यासाठी मी कधी हो म्हटल्याचं मला आठवत नव्हतं आणि बँकेनं संमतीचा कागदही जोडला नव्हता. मॅडमनी ही पानं बघितली आणि पहिल्यांदा हसल्या.

तुमचा हिशेब करताना हेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणं उशिराचा दंड देय तारखेनंतर खरोखर थकलेल्या रकमेवरच लावायचा आहे, पूर्ण बिलावर नाही. आणि न भरलेले दंड-कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. तुमचे दंड आणि व्याज त्यानंतरचे असतील तर हे दोन मुद्दे वहीत आधी तपासा.

एक समज मात्र काढून टाका. "३० टक्क्यांच्या वर व्याज बेकायदा आहे" असं अजूनही खूप जण सांगतात. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तसं म्हटलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. कैफियत त्यावर उभी करू नका.

तीन वर्षांची मुदत

पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. माझे शेवटचे पैसे ऑक्टोबर २०२० चे, दावा नोव्हेंबर २०२३ चा. म्हणजे दावा मुदतबाह्य, असं मीच वहीवर लिहून मॅडमना दाखवलं होतं. किती आशा होती मला त्या एका ओळीवर! पण कोरोनामुळं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरायचा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. त्यामुळं बँकेचा दावा मुदतीत बसला. लॉकडाऊनमधल्या थकबाकीबद्दल कुणी "आता काही करू शकत नाहीत" म्हणालं तर आधी ही तारीख जुळवा.

आणि मुदतीच्या संदर्भात सहीला जपा. वसुलीची माणसं कधी कधी एक छापील कागद पुढं करतात, "मी एवढे देणं लागतो, अमुक तारखेपर्यंत भरतो." मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली दिली तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मुदत संपल्यावरसुद्धा सहीनिशी लेखी वचन दिलं तर त्यावर वसुली होऊ शकते. वकिलाला न दाखवता कशावरही सही नको. ही माणसं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्येच तसं बजावलंय. माझ्या सासूबाईंना रात्री दहाला फोन आला होता. त्याचा स्क्रीनशॉट ठेवला आणि बँकेकडं लेखी तक्रार केली, त्यानंतर रात्रीचे फोन थांबले.

कैफियतीत काय लिहायचं

दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यावं लागतं. जे खरं आहे ते कबूल करा. माझं कार्ड होतं, मी कापड घेतलं, हे मी कबूलच केलं. ते नाकारून कोर्टासमोर खोटं पडायला मला जमलं नसतं आणि त्यानं काही मिळालंही नसतं. पण जे चूक आहे ते नेमकं नाकारा: "परिच्छेद ६ मधील रक्कम नाकबूल, कारण अमुक तारखेचे ६,००० व अमुक तारखेचे ४,५०० जमा दाखवलेले नाहीत." मोघम "सर्व खोटे आहे" लिहिलं, किंवा एखाद्या मुद्द्याला उत्तरच दिलं नाही, तर तो मुद्दा तुम्हाला मान्य आहे असं कोर्ट धरू शकतं.

सोबत बँकेकडून कागद मागा: कार्डाचा मूळ अर्ज, करार, सुरुवातीपासूनची स्टेटमेंटं, व्याजाचा तक्ता, आणि संगणकावरच्या उताऱ्याला लागणारं प्रमाणपत्र. थकबाकी दुसऱ्या कंपनीला विकली गेली असेल आणि दावा त्या कंपनीनं लावला असेल तर हस्तांतराचा दस्तऐवज मागायला विसरू नका.

दावा मुंबईला लागला असेल तर? आमच्या गल्लीतल्या एका काकांचं तसंच झालं. टॉवेलच्या कारखान्यात नोकरी, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं, मुंबईच्या कोर्टात एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीतच पैसे द्यायचा निकाल, झाला आणि कारखान्यात पगार जप्तीचं पत्र आलं तेव्हा त्यांना कळलं. अशा वेळी एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करता येतो, आणि समन्स नीट बजावलंच नसेल तर कळल्याच्या दिवसापासून ३० दिवस मोजतात. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी हालचाल करा.

काही बँका कोर्टाऐवजी लवाद, म्हणजे वादाचा निवाडा करणारा खासगी पंच, नेमतात आणि लांबच्या शहरातून नोटीस पाठवतात. तीही कचऱ्यात टाकू नका. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल होतो. बँकेनं एकटीनंच लवाद नेमला असेल तर त्याला लगेच लेखी हरकत घ्या, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ पासून अशा एकतर्फी नेमणुकीला मान्यता दिलेली नाही. निवाडा झालाच तर हातात पडल्यापासून तीन महिन्यांत आव्हान द्यावं लागतं.

मशीन नेतील का?

मला रात्रंदिवस हीच धास्ती होती. उषा कंपनीचं जुनं काळं मशीन माझ्या आईचं आहे. त्याच्या चाकाचा आवाज ऐकतच मी मोठी झाले. दावा लागल्यावर सासूबाईंनी एकदा त्याच्यावर चादर घालून ते आतल्या खोलीत ढकललं होतं.

आधी हे समजून घ्या की दावा लागला म्हणजे जप्ती नव्हे. निकाल बँकेच्या बाजूनं लागला, तरी पैसे न दिल्यास बँकेला वेगळी दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, आणि मग जप्ती. त्यातही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणं काही वस्तूंना हात लावता येत नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रूढीप्रमाणं बाईला काढता न येणारा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र, आणि कारागिराची हत्यारं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही स्वतः ज्यावर बसता ते मशीन हत्यारात येतं. बायका लावून चालवता त्या तीन मशीनबद्दल मात्र वाद होऊ शकतो." इतकं सरळ उत्तर मिळालं म्हणून मला झोप लागायला लागली. पगारदारांसाठी: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सुटतो, बाकीच जप्त होतो, आणि एका हुकूमनाम्यासाठी जास्तीत जास्त २४ महिने.

तुरुंगाचं म्हणाल, तर ऐपतच नाही म्हणून पैसे न देणाऱ्याला आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलंय. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच होत नाही. पण तुम्ही चेक दिला असेल आणि तो परत गेला असेल, तर ते फौजदारी प्रकरण होतं. नोटीस आल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. तो कागद वेगळा समजा आणि त्याच दिवशी वकिलाकडं जा.

नवऱ्याच्या पगारातून बायकोच्या कार्डाचे पैसे कापता येत नाहीत, तो जामीन नसेल तर. मात्र त्याच बँकेत तुमचं बचत खातं असेल तर बँक त्यातली रक्कम वळती करू शकते. घरखर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत ठेवा.

तडजोड

मार्चच्या लोकअदालतीत आमचं जमलं नाही. बँकेचा माणूस २,१०,००० च्या खाली यायला तयार नव्हता. मी घाबरून हो म्हणणार होते, मॅडमनी टेबलाखालून माझा हात दाबला. मग कैफियत, कागदांचा अर्ज, यूपीआयच्या नोंदी असं सगळं रेकॉर्डवर आलं. सप्टेंबरच्या लोकअदालतीला तोच माणूस वही बघायला मागत होता. १,४१,००० वर ठरलं. लोकअदालतीत मिटलं की बँकेला भरलेली कोर्ट फी परत मिळते, तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून बँकाही तिथं जरा सैल होतात.

रकमेइतकंच हप्त्यांवर बोला. गणवेशाचे पैसे माझ्या हातात जुलैनंतर येतात. म्हणून मी ऑक्टोबर ते जून दरमहा ९,००० आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरला २०,००० असे मागितले आणि मिळाले. तुमचा ज्या महिन्यात पैसा येतो तो महिना सांगा. लाजू नका. तडजोड झालीच नाही आणि निकाल विरुद्ध गेला, तरी हप्ते बांधून द्या अशी विनंती कोर्टाला करता येते.

सही करण्याआधी पुरशिस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद, शब्द न शब्द वाचा. माझ्या मसुद्यात एक ओळ होती, "एक हप्ता चुकल्यास दाव्याची संपूर्ण रक्कम देय होईल." म्हणजे एका महिन्यात आजारपण आलं की परत २,४१,३८०. ती ओळ आम्ही बदलून घेतली: लागोपाठ दोन हप्ते चुकले, आणि लेखी कळवून १५ दिवसांत भरले नाहीत, तरच. बँकेच्या वकिलांनी पेनानं दुरुस्ती केली आणि दोघांनी बाजूला सह्या केल्या.

हप्ते फक्त पुरशिसीत लिहिलेल्या खात्यात भरा, कुणा माणसाच्या नंबरवर नाही. प्रत्येक पावतीची झेरॉक्स काढा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. शेवटचा हप्ता मी सप्टेंबर २०२५ ला भरला. त्यानंतर तीन कागद घ्यायचे: बँकेचं "काही येणे बाकी नाही" असं पत्र, ज्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि दाव्याचा नंबर असेल, लोकअदालतीच्या निवाड्याची प्रमाणित नक्कल, आणि कार्ड बंद केल्याची पोच. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यायचा असतो.

दीड-दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा, अहवाल काढून बघा. त्यात "सेटल्ड" असं येईल, "क्लोज्ड" नाही, आणि त्यामुळं काही वर्षं कर्ज मिळायला अवघड जातं. हे तडजोड करतानाच माहीत असू द्या. पण बाकी शून्य न दाखवता जुनीच रक्कम दाखवत असेल तर ती चूक आहे. निवाड्याची नक्कल जोडून सिबिलकडं आणि बँकेकडं दोन्हीकडं दुरुस्तीचा अर्ज करा. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, त्यांचा क्रमांक १४४४८. माझ्या अहवालात जुनी रक्कम दोन महिने तशीच होती, अर्ज केल्यावर निघाली.